दोष दिल्लीकडचा

माझी ताई संसदेत बोलायची, पण ती खासदार नव्हती. ती दुभाषी होती. सभागृहाच्या वर, भिंतीत बसवलेल्या काचेच्या एका लहान खोलीत ती कानाला हेडफोन लावून बसायची. खाली कुणी सदस्य मराठीत बोलायला उभा राहिला, की तो बोलत असतानाच ती ते हिंदीत सांगत जायची. सभागृहातले लोक ते कानात ऐकायचे, आणि संसदेच्या वाहिनीवर तोच आवाज देशभर जायचा. पडद्यावर जाड मिशीचा माणूस हात उगारून बोलतोय आणि आवाज आमच्या ताईचा. आईला सुरुवातीला याचं फार हसू यायचं. नंतर सवय झाली.

हे काम ती शिकली ती बाबांमुळे. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. त्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि ते हे कबूल करत नसत. संध्याकाळी कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये बातम्या लागल्या की ते खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढायचे. ताई तेव्हा आठवीत असेल. एक दिवस ती टीव्हीकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसली आणि मागून जे ऐकू येईल ते एकेक वाक्य, ओठ नीट हलवत, त्यांना सांगू लागली. हिंदी बातम्या मराठीत.

"वरडू नको वं," बाबा म्हणायचे. "नीट बोल. मले ओठावरून समजते."

तेव्हापासून रोजच्या बातम्या त्या घरात दोनदा व्हायच्या. एकदा टीव्हीवर, एकदा ताईच्या ओठांवर. मी दोन्हीकडे लक्ष देत नसे. माझं लक्ष चित्राकडे. आमच्याकडे सिग्नल थेट यायचा आणि वीज केंद्राच्या उंच चिमण्यांवर आदळून थोडा उशिरा पुन्हा यायचा, त्यामुळे पडद्यावर प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याचीच एक फिकट आकृती उभी दिसायची. आमच्या लाइनीत त्याला घोस्ट म्हणतात, हे मला पुढे कळलं. ते घालवायला मी छतावर चढून अँटेना फिरवायचो आणि ताई खालून सांगायची, गेलं, आलं, थांब, गेलं.

ती दिल्लीला गेली. मी नागपुरातच सरकारी टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागलो. बाबा वारले. आम्ही हुडकेश्वरला घर बांधलं आणि आई आमच्याकडे आली. बायको शाळेत शिकवते, मी केंद्रावर, आमच्या भाषेत टॉवरवर, त्यामुळे दिवसभर घरात आई आणि टीव्ही. मराठीत बोलणारे सदस्य काही रोज नसत. ज्याला मराठीत बोलायचं असेल त्याला आधी कळवावं लागे, म्हणून ताईला अंदाज असायचा. सकाळी ती आईला फोन करायची, "आज दुपारी एक जण आहेत, संत्र्यावर बोलतील." मग आई जेवण लवकर आटपून टीव्हीसमोर बसायची. ती नरखेडकडची, तिचं सगळं माहेर संत्र्याच्या बागेतलं. भाषण ऐकून झालं की ती ताईला फोनवर सांगायची, "त्यानं बहाराचं चुकीचं सांगतलं. तू तरी नीट करून सांगाचं होतं."

"आई, मला माझं काही सांगता येत नाही," ताई म्हणायची. "ते 'मी' म्हणाले की मी पण 'मी'च म्हणायचं."

आमच्या टॉवरवर डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू झाली त्याच सुमाराची ही गोष्ट. जुन्या पद्धतीत हवेतल्या एका पट्ट्यात एकच वाहिनी बसायची. नव्या पद्धतीत तिथे बऱ्याच वाहिन्या बसतात. छतावर डिशची छत्री नको, केबल नको, घरात एक छोटी अँटेना आणि एक सेट-टॉप डबा पुरे. संसदेच्या वाहिन्याही त्या चाचणीत होत्या. मी या कामात पार बुडालो होतो. इतकी वर्षं आम्ही लोकांना पडद्यावर मुंग्या आणि जुळी चित्रं दाखवली होती. आता चित्र येईल तर स्वच्छ येईल, नाही तर येणारच नाही.

शहराच्या कुठल्या टोकाला किती सिग्नल पोचतो ते पाहायचं होतं. हुडकेश्वर एक टोक, म्हणून एक डबा मी घरी आणला. आईला शाळेची एक जुनी वही दिली आणि सांगितलं, टीव्ही पाहताना चित्र फाटलं, आवाज गेला, की वेळ लिहून ठेव. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं हे काम फार मनावर घेतलं. वही टीव्हीच्या टेबलावर, पेन दोरीनं वहीला बांधलेला.

पहिले काही आठवडे वहीत विशेष काही नव्हतं. मग अधिवेशन सुरू झालं आणि नोंदी यायला लागल्या. मोठ्या, वाकड्या अक्षरात: दोन वाजून दहा मिनिटं. हिचा आवाज गेला. चित्र चांगलं. दोन वाजून बारा. हिचा आवाज गेला. चित्र चांगलं. दोन वाजून तेरा.

"सिग्नल कमी पडत असेल," मी म्हणालो आणि अँटेना खिडकीतून उचलून कपाटावर ठेवली.

दोन दिवसांनी पुन्हा तशाच नोंदी.

"बाकीच्याइचा आवाज नाही जात," आई म्हणाली. "हिचाच काहून जाते?"

"तसं नसतं आई. डिजिटलमध्ये होते असं."

"चित्र त हलत बी नाही. त्या माणसाचं तोंड चालू असते, अन् हे मधातच थांबते. मंग घाईघाईनं बोलते."

मी तंत्रज्ञ आहे. चित्र आणि आवाज एकाच धारेतून येतात आणि सिग्नल पडला की बहुतेक दोन्ही एकदमच तुटतात, हे मी रोज शिकाऊ लोकांना सांगायचो. तेच आई मला सांगत होती, आणि मला ते ऐकू आलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की ती माझ्या यंत्रणेत खोट काढते आहे.

तरी मी वही टॉवरवर नेली. आमची नोंदवही काढून वेळा जुळवल्या. त्या वेळी आमच्याकडे काहीच बिघाड नव्हता. मग पुढच्या वेळी ताईनं सकाळी सांगितलं तेव्हा मी दुपारी स्वतः नियंत्रण कक्षात बसलो. टॉवरवर जाण्याआधी दिल्लीहून येणारा मूळ सिग्नल जिथे दिसतो तो मॉनिटर लावला, कानाला हेडफोन लावले. विदर्भातल्याच कुठल्या तरी रेल्वे फाटकावर एक सदस्य बोलत होते. ताईचा आवाज आला. स्वच्छ, जसा नेहमी असायचा. चार-पाच वाक्यं झाली आणि आवाज गेला. कान कोरा झाला. खरखर नाही, काही नाही. दोन-तीन सेकंदांनी ती परत आली आणि राहिलेलं वाक्य भरभर गाठलं. मिनिटभरानं पुन्हा तसंच.

मला आठवतं, मला तेव्हा बरं वाटलं. बिघाड दिल्लीहून येतानाच होता. आमचा टॉवर, आमचा डबा, सगळं ठीक होतं. मी नोंदवहीत लिहिलं: मूळ ध्वनी खंडित. दोष दिल्लीकडचा. खाली सही केली आणि चहाला गेलो.

घरी येऊन वही परत टेबलावर ठेवली आणि आईला सांगितलं, "आपल्याकडून सगळं बरोबर आहे. तिकडूनच तसं येतं."

"तिकडून म्हणजे हिच्याकडून?"

"म्हणजे दिल्लीहून."

आईनं वही जवळ ओढली. मग म्हणाली, "फोन लाव तिले."

लावला. ताई हसली. म्हणाली, वर खोलीत एसी फार असतो, घसा बसतो, शाल घेऊन बसते आता. मग लगेच मला विचारलं, डबा कसा चाललाय, सगळ्या वाहिन्या दिसतात का. मी पंधरा मिनिटं तिला चाचणीबद्दल सांगत बसलो. ती "हो, हो" म्हणत ऐकत होती. मधे दोनदा फोन शांत झाला. मी "हॅलो, हॅलो" केलं. ती म्हणाली, "आहे, बोल."

अधिवेशन संपल्यावर दीड महिन्यानं दिल्लीहून फोन आला की तिला दवाखान्यात भरती केलं आहे. ती एकटी राहायची. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं कडक होत गेली आहेत, हे बरेच महिने चालू असणार. खोकला खूप होता का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.

तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा पारदर्शक मुखवटा होता. आवाज निघत नव्हता. पण मी जवळ गेलो की ती मुखवट्याच्या आत ओठ हलवायची, सावकाश, नीट, एकेक शब्द वेगळा. बाबा असते तर त्यांना सगळं समजलं असतं. मी चित्र पाहत वाढलेला माणूस. मी तिच्या ओठांकडे पाहत राहायचो आणि अंदाज करायचो. पाणी? आई? ती मान हलवायची, नाही. पुन्हा तेच ओठ, तितकेच सावकाश. मी कागद-पेन दिलं, पण तिला पेन धरवत नव्हतं. नवव्या दिवशी ती गेली. ती मला काय सांगत होती ते मला आजही माहीत नाही. ओठांचा तो आकार मला पाठ आहे. दाढी करताना आरशासमोर मी कधी कधी तसे ओठ हलवून पाहतो. काही शब्द होत नाही.

तेरवीला तिची एक सहकारी आली. मूळची अकोल्याची, ताईच्याच काचेच्या खोलीत तिच्या शेजारी बसून पाळीपाळीनं काम करणारी. तिनं ताईची शाल आणि स्टीलची पाण्याची बाटली आणली होती. आई आतल्या खोलीत निजली होती. समोरच्या खोलीत आम्ही दोघंच बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "आम्ही सगळ्या तिला रजा घे म्हणत होतो. ती ऐकायची नाही. आमच्यासमोर एक बटण असतं. खोकला आला की ते दाबायचं. दाबलेलं आहे तोवर माइक बंद. शेवटच्या अधिवेशनात तिचं बोट त्या बटणावरच असायचं. खोकून झालं की सुटलेलं वाक्यसुद्धा ती भरून काढायची. खाली सभागृहात कुणाला कळलंही नसेल."

मी तिला चहा दिला. तिच्या गाडीची वेळ विचारली. ती गेल्यावर वही टेबलावरून उचलली, पेनची दोरी सोडली आणि वही माझ्या बॅगेत टाकली. दुसऱ्या दिवशी ती टॉवरवरच्या खणात ठेवली, आमच्या नोंदवहीच्या खाली.

यानंतर ताई परत यायला लागली.

अधिवेशन नसलं की संसदेच्या वाहिनीवर दुपारी जुनी भाषणं पुन्हा दाखवायचे. आधीपासून सांगितलेलं नसायचं. कधी कोणतं लागेल त्याचा नेम नव्हता. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी सुट्टीवर होतो आणि अंगणात स्कूटर धूत होतो. आतून ताईचा आवाज आला. मी हातातला पाइप तसाच धरून उभा राहिलो. पाणी फाटकापर्यंत वाहत गेलं. आत गेलो तर आई टीव्हीसमोर बसली होती, हात मांडीवर. पडद्यावर कुणी तरी कापसावर बोलत होतं.

तेव्हापासून आई टीव्ही दिवसभर चालूच ठेवायला लागली. लावलेली वाहिनी हलवायची नाही. आमच्याशी बोलताना, भाजी निवडताना, देवापुढे बसताना तिचा एक कान तिकडेच. बायको एकदा मला हळूच म्हणाली, "मला शाळेतून घरी यायची भीती वाटते हो. दार उघडलं की ताई बोलत असतात." मी म्हणालो, आवाज कमी ठेवायला सांगू. पण आईला तसं सांगायची दोघांचीही हिंमत झाली नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे तो 'मी'. दुसऱ्याचं बोलणं, पण आवाज तिचा, आणि 'मी', 'माझं', 'मला'. एका दुपारी एका सदस्याची वेळ संपली होती. अध्यक्ष त्यांना बसायला सांगत होते, पुढच्या सदस्याचं नाव पुकारत होते, आणि ते गृहस्थ बसायला तयार नव्हते. ताईचा आवाज म्हणत होता, "मेरी बात अभी पूरी नहीं हुई है. मुझे दो मिनट और दीजिए. सिर्फ दो मिनट." घंटी वाजत होती. आई टीव्हीकडे पाहत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दे न बाप्पा तिले दोन मिनिटं." मी उठून मागच्या अंगणात गेलो. तिथेही ऐकू येत होतं.

मग एक दिवस शेवटच्या अधिवेशनातलं भाषण लागलं. ते रेल्वे फाटकाचं. रविवार होता, मी घरी होतो. आई गवार निवडत होती. मला पुढचं माहीत होतं. चौथं-पाचवं वाक्य झालं आणि आवाज गेला. पडद्यावरचा माणूस बोलत राहिला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग ताई परत आली.

"हे पाय," आई म्हणाली. "इथंच थांबली होती तवा बी."

मी टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं. बटणाचं, खोकल्याचं. त्या दिवशी मी स्वतः हेडफोन लावून ऐकलं होतं, हेही. मी नोंदवहीत काय लिहिलं होतं तेही. वही मीच नेऊन खणात ठेवली होती हेही. माझ्या मागे ताई बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती.

आईनं मला मधे थांबवलं नाही. मी बोलायचं थांबल्यावर विचारलं, "तवाच नेली असती डॉक्टरकडं, त वाचली असती का?"

"डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. पण वेळ मिळाला असता."

"किती?"

"माहीत नाही, आई."

तिनं गवारीची परात बाजूला सरकवली. "बाजूले हो," म्हणाली. "मले दिसून नाही राहिलं."

मी बाजूला झालो.

पुढचे आठ-दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बायकोशी बोलायची. मला ते बरंच वाटलं. ती ओरडली असती, रडली असती, तर मला काही तरी समजूत घालावी लागली असती. एके दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर म्हणाली, "ते वही आणून दे." मी दुसऱ्या दिवशी आणून दिली. तिनं ती देवघरात नाही, ताईच्या फोटोजवळही नाही, आपल्या कपाटात लुगड्यांच्या खाली ठेवली. मग मला विचारलं, भाजी कशाची करू. तिथून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मनातलं सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. मी एखादी गोष्ट खात्रीनं सांगू लागलो की ती अजूनही माझ्याकडे एक क्षण जास्त पाहते, आणि मी वाक्य अर्धं सोडतो.

चाचणी पुढे गेली नाही. डबे परत मागवले गेले, आम्ही ते मोजून खोक्यांत भरले. जुना प्रक्षेपकही बंद झाला आणि आमच्यातले बरेच जण दुसऱ्या खात्यांत, दुसऱ्या गावांत गेले. मी अजून इथेच आहे, रेडिओच्या बाजूला. घरी आता छत्री आहे. संसदेच्या दोन वाहिन्या होत्या त्यांची एक झाली. कार्यक्रम बदलले, आणि दुपारची ती जुनी भाषणं हळूहळू कमी होत थांबली. आई काही महिने वाट पाहत राहिली. अधिवेशनात एखादा सदस्य मराठीत बोलला की आता दुसऱ्या कुणाचा तरी आवाज येतो. आई तो ऐकते आणि काही म्हणत नाही.

मला मात्र एक गोष्ट कळली होती. ही सगळी भाषणं इंटरनेटवर साठवलेली आहेत. नाव टाकलं, विषय टाकला, की फोनवर लागतात. मी ताईची आठ-दहा भाषणं शोधून ठेवली होती. आईला सांगू की नको, यात बरेच दिवस गेले. शेवटी गेल्या दिवाळीनंतर, ती अंगणात उन्हाला बसली असताना, सांगितलं. "तुला पाहिजे तेव्हा ऐकता येईल. फोनवर लावून देतो. थांबणारी नकोत, आधीची चांगली आहेत, ती."

आईनं फोनकडे पाहिलं. हातात घेतला नाही.

"नको," ती म्हणाली. "टीव्हीवर ते आपल्या मनानं येत होती. याच्यावर आपल्याले बोलवा लागन."

मग म्हणाली, "बोलावल्यावर आली, त जाय कसं म्हणाव तिले?"

मी फोन खिशात ठेवला. ऊन सरकलं तशी तिची खुर्ची थोडी पुढे घेतली. ती शेजारणीच्या नातवाच्या लग्नाबद्दल बोलायला लागली.

त्यानंतर एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, केंद्रावरच्या रिकाम्या स्टुडिओत बसून मी त्यातलं एक भाषण लावलं. बरंच जुनं होतं. विषय पोस्टाच्या इमारतीचा. बोलणारे सदस्य विनोदी होते. गळक्या छपराखाली पोस्टमास्तर छत्री धरून शिक्के मारतात असं काही तरी ते म्हणाले, सभागृह हसलं, आणि ते हिंदीत सांगताना ताईच्या आवाजातही हसू आलं. तिनं ते आवरलं. मला ऐकू आलं, तिनं ते आवरलं ते. भाषण साडेतीन मिनिटांचं होतं, आणि त्यात ती एकदाही थांबली नाही. पुढचे सदस्य इंग्रजीत बोलायला उभे राहिले तेव्हा मी फोन बंद केला आणि जेवणाचा डबा उघडला.